क्रेनचं कपाट

वारा सुटला की आमच्या बैठकीतल्या कपाटाचं काचेचं दार वाजू लागतं. मोठा आवाज नाही तो. रिकाम्या पेल्यात चमचा हलावा तसा बारीक, थरथरता. पण एकदा सुरू झाला की थांबायचं नाव न घेणारा. दुपारी घर निजलेलं असतं, समोरच्या रस्त्यावरून तुमसरकडे जाणारी एस.टी. धुरळा उडवत निघून जाते, आणि तिच्या मागोमाग ही किणकिण सुरू होते. मी डोळे मिटून पडलेली असते, तरी मला स्वच्छ दिसत असतं की चार बोटांच्या त्या फटीतून आता धूळ आत शिरते आहे. ती बारीक कप्प्यांवर बसते आहे, नखाएवढ्या शिड्यांच्या पायऱ्यांवर बसते आहे, टायरांच्या नक्षीत जाऊन दडते आहे. मग मी उठते, जुना टूथब्रश शोधते आणि चरफडत कपाटासमोर मांडी घालते. आठवड्यातून किती वेळा हे करते, ते विचारू नका.

दार लावून का टाकत नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. ते लागत नाही. आणि का लागत नाही, हे सांगायला मला थोडं लांबून यावं लागेल.

या कपाटात क्रेन आहेत. बांधकामावर वजनं उचलणाऱ्या, चाकांवर गावोगाव फिरणाऱ्या क्रेनच्या धातूच्या हुबेहूब प्रतिकृती, पन्नासाला एक या प्रमाणात घडवलेल्या. ‘प्रतिकृती’ हा शब्द अर्थात माझा. आमच्या घरात त्यांना खेळणे म्हणतात, आणि तो शब्द कानी पडला की माझ्या कपाळावर आठी उमटते. खेळण्याचं चाक गोल असलं की भागतं. बाकीचं खेळणारा मनाने पुरवतो. इथे मनाने पुरवायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही! एकात एक सरकत जाणारी लांब मान आहे, जिला काका बूम म्हणतात. तिच्या टोकाशी खरोखर फिरणाऱ्या कप्प्या आहेत, दोऱ्याला टांगलेला हूक आहे, केबिनच्या बाहेर मुगाच्या डाळीएवढा आरसा आहे. इतक्या निष्ठेने कुणीतरी कुठेतरी दूरदेशी हे घडवतं, आणि भंडाऱ्याला येऊन त्याचं खेळणं होतं, याला काय म्हणावं?

बाबूजी, म्हणजे माझे वडील, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं दुकान चालवतात. दुकानातून आले की दुकानाच्या चाब्या ते सर्वांत मोठ्या क्रेनच्या हुकाला अडकवतात. हूक आहे म्हणजे अडकवायलाच आहे, इतका सरळ त्यांचा विचार. दसऱ्याला आई दुकानातल्या कापड मोजायच्या गजाला, कात्रीला, स्कूटरला हळदीकुंकू लावते आणि मग ताट घेऊन माझ्या कपाटाकडे वळते. मी आडवी होते. “गजाले लावलं, कात्रीले लावलं, मंग यायनं काय घोडं मारलं?” असं म्हणून ती माझ्या खांद्यावरून हात घालून प्रत्येक क्रेनच्या कपाळी बोट टेकवते. क्रेनला कपाळ कुठे असतं, हे तिला कुणी शिकवलं ते देव जाणे. पण ती कधी चुकत नाही. पुढचा महिनाभर मी ब्रशने हळद काढत बसते, आणि पिवळ्या रंगावरची पिवळी हळद काढणं म्हणजे काय, हे ज्याने काढली त्यालाच ठाऊक.

अड्याळच्या आत्याची तर गोष्टच वेगळी. ती आली की आधी कपाटासमोर उभी राहते. चाबी दिली की चालते का, असं मला विचारते. मी नाही म्हणते. मग सेल टाकले तर? तरीही नाही. त्यावर आत्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघते आणि म्हणते, “मंग?”

या ‘मंग’वर माझ्याजवळ आजतागायत उत्तर नाही. नागपूरच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात मी वाढले, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, आणि एका दोन अक्षरी प्रश्नापुढे अडते. आत्या मग आईकडे वळून म्हणते, पोट्टीले एवढं शिकवलं अन् हे. आई मान हलवते. मी आत निघून जाते. दरवर्षी असंच होतं.

क्रेन पहिल्यांदा पाहिली ती कारध्याच्या घाटावरून. सुटीत घरी आलेली, दहाएक वर्षांची असेन मी. वैनगंगेच्या पात्रात कसलंसं काम निघालं होतं, आणि वाळूत ती उभी होती. उन्हाळ्यात नदी एका काठाला लागून बारीक वाहते, बाकी सगळी वाळूच वाळू. आणि त्या पांढऱ्या, डोळे दिपवणाऱ्या विस्तारात ती पिवळी, लांब, मंद गतीने वळणारी मान! खेड्याखेड्यांतून लोक बघायला यायचे. झाडाखाली बसून भाकर खायचे, पुन्हा बघायचे. मला आठवतं, तिने एक प्रचंड शिळा उचलली, आणि काठावरचं सारं बोलणं थांबलं. शिळा हवेत गेली, थबकली, वळली आणि अलगद, नवजात मूल पाळण्यात ठेवावं तशी, खाली टेकली. आवाज झाला नाही. इतकं जड काहीतरी इतक्या निःशब्दपणे ठेवता येतं, याचं मला तेव्हा नवल वाटलं, आणि अजून वाटतं. मी स्वतः साधी चहाची कपबशी पाहुण्यांसमोर ठेवते तरी ती वाजते.

माझ्या बाजूला काका उभे होते, बाबूजींचे धाकटे भाऊ. तेव्हा ते आंधळगावच्या आमच्या मूळ घरी मागावर कोसा विणत. ते क्रेन बघायला म्हणून आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि मग रोजच. काही दिवसांनी काठावरून वाळूत उतरले आणि दोर धरायला उभे राहिले. काम आटोपून क्रेन गेली तेव्हा काकाही तिच्यामागे गेले. घरात केवढा गहजब झाला! बसलेला हात मागावरून उठवून हा माणूस लोखंडामागे चालला, म्हणून बाबूजींनी कित्येक महिने त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. काकांचं म्हणणं एवढंच होतं की फरक काहीच नाही. आमचे माग खड्ड्याचे. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पायट्या दाबतो आणि हाताने धोटा फेकतो. क्रेनमध्येही तेच, ते सांगत, दोन पाय खाली, दोन हात दांड्यांवर, अन् नजर सुतावर. फक्त सूत जरा जाड.

नागपूर, मग मुंबई, मग आखात. दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुटी. आखातातून येणारी माणसं काय काय आणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. टेपरेकॉर्डर, अत्तरं, चकचकीत साड्या. काकाही साबण आणत, सेंटच्या बाटल्या आणत. पण बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला एक खोका असे, आणि तो माझा असे. मोठी क्रेन विकत घेतली की विकणारे सोबत तिची छोटी प्रतिकृती भेट देतात म्हणे. कामावरच्या इतरांना तिचं काही नसतं. काका मागून घेत.

मलाच का? कारण खोक्यात एक गुळगुळीत इंग्रजी माहितीपत्रक असे, आणि घरात ते वाचता येणारी मी एकटी. दुपारच्या वेळी काका सतरंजीवर बसत, क्रेन मध्ये ठेवत आणि म्हणत, “वाच न बेबी, काय लिवलं आहे तं.” मी वाचायची, मराठीत सांगायची. किती वजन, किती उंच, किती कोनात. हे सारं त्यांना पाठ होतं. तीच क्रेन ते दिवसाचे बारा तास चालवून आले होते. तरी ते मान डोलावत ऐकत, कुणी आपली पत्रिका वाचून दाखवावी तसे. वाचून झालं की आम्ही दोघं गप्प बसायचो. मला बोलायला सुचत नाही, त्यांनाही सुचत नसे. शाळेत मी खेड्यातली होते, खेड्यात मी इंग्रजी शाळेतली. दोन्हीकडे तोंड उघडलं की कुणीतरी हसणार याची खात्री. काकांसमोर ती भीती नसायची. मध्ये क्रेन असायची, आणि आमचं दोघांचं बोलणं जणू तीच उचलून इकडून तिकडे ठेवायची.

संग्रह असा वाढला. घरचे म्हणतात, मला छंद लागला. छंद कसला! माणसं वस्तू गोळा करतात ती वस्तूंसाठी, असं मला वाटत नाही. काचेआड काही ठेवलं की ते आपल्याला काही विचारत नाही, लग्न कधी करणार म्हणत नाही, इंग्रजीत एक वाक्य बोलून दाखव म्हणत नाही. आपण त्याची धूळ पुसावी, त्याने जागच्या जागी असावं. इतका साधा करार मला दुसऱ्या कुणाशी करता आला नाही.

एक गोष्ट मात्र मला या प्रतिकृतींत नेहमी खटकते. बोल्ट मोजून घ्या, पायऱ्या मोजून घ्या, एकही कमी भरणार नाही. केबिनमध्ये खुर्ची आहे, दांडे आहेत. खुर्चीत माणूस नाही. आरशाची आठवण ठेवणाऱ्याला चालवणाऱ्याची आठवण राहू नये? पन्नासाला एक या हिशेबाने काका माझ्या अंगठ्याच्या एका पेराएवढे होतील. कुणीतरी एवढासा माणूस घडवला असता तर काय बिघडलं असतं?

आता रंजूविषयी सांगते, कारण दाराची गोष्ट तिची आहे.

रंजू काकांची मुलगी. काकू आणि ती आमच्याकडेच राहतात. ती जन्मली तेव्हा काका तिकडे होते. पहिला दात आला, पहिलं पाऊल टाकलं, तेव्हाही तिकडेच. मागच्या सुटीला ते आले तेव्हा रंजू पाच वर्षांची होती, आणि तिच्या लेखी घरात एक पाहुणा आला होता, जो जातच नव्हता. त्यांनी तिच्यासाठी डोळे मिटणारी बाहुली आणली. ती बाहुली आडवी केली की डोळे मिटे आणि उभी केली की एकदम उघडे. रंजू तिला इतकी भ्याली की बाहुली धान्याच्या कोठीवर उलटी ठेवावी लागली.

ती काकांना कशानेच हाक मारत नसे. जेवायला बोलवायला पाठवलं तर माझ्याकडे येऊन सांगे, “आई म्हनते का त्यायले जेवाले बलावा.” काका तिथेच चार हातांच्या अंतरावर बसलेले असत. मी त्यांच्याकडे बघायची, ते जमिनीकडे. सुटीचे दिवस चालले होते. तिकडून पुढच्या दोन वर्षांसाठी विचारणा आली होती आणि काकांनी होकारही कळवून टाकला होता. नदीकाठची बांधकामं काही कायमची नसतात आणि मागावर परतावं तर विणायची सवय केव्हाच मोडली होती. म्हणजे या सुटीत पोरीने बाप ओळखला नाही, तर पुढच्या खेपेला ती सात वर्षांची असणार. हे त्यांना कळत होतं. एका दुपारी, माहितीपत्रक वाचून झाल्यावर, ते क्रेनकडे बघतच मला म्हणाले, “मले काईच म्हनत नाही न ते पोट्टी. तुह्यावानी काका म्हनली असती तरी चाललं असतं.”

मला त्यांची कीव यायला हवी होती. खरं सांगू, चीड आली. दहा माणसांना न हलणारी तुळई आभाळात फिरवणारा हा माणूस, आणि सतरंजीवरून उठून अंगणात लगोऱ्या खेळणाऱ्या पोरीजवळ जायला याचे पाय उचलत नाहीत! वाट बघत बसायचं, ती येईल म्हणून. आणि ती दाराआडून बघत उभी, हे बोलावतील म्हणून. दोघांच्या मधून ये-जा करायला मी! ज्या मुलीला स्वतःच्या वतीने दोन वाक्यं बोलता येत नाहीत, तिने या बापलेकींचे निरोप पोचवायचे.

अशात पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी खरे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी. चाकांचे, दोरीने ओढायचे. पोरं त्यांना बेगड चिकटवतात, झूल घालतात, देवळापुढच्या तोरणाखाली रांगेत उभे करतात आणि मग घरोघर फिरवून बोजारा मागतात, म्हणजे खाऊ, काही भेट. रंजूच्या बैलाचं चाक गेल्या वर्षीच निखळलं होतं. बाबूजींनी सुताराकडून बसवून आणतो म्हणून तो दुकानात नेला आणि अर्थातच विसरले. या घरात जे लक्षात ठेवायचं तेच नेमकं सगळे विसरतात.

मी न्हाऊन बाहेर आले तर कपाट सताड उघडं. कपाटाची किल्ली मी घड्याळामागे ठेवत असे आणि हे रंजूला ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. सर्वांत मोठी क्रेन जागेवर नव्हती. ओले केस तसेच पाठीवर टाकून मी गल्लीत धावले. मी, जी पोस्टमन आला तरी दाराआडून हात पुढे करते.

तोरणाखाली लाकडी बैलांची रांग लागली होती आणि त्या रांगेच्या शेवटी माझी क्रेन होती. बूमला बेगड गुंडाळलेली, सोनेरी आणि लाल. पाठीवर कोशाच्या चिंधीची झूल. हुकाला झेंडूचं फूल, कपाळाला हळदीचा बोटभर थर. हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण क्रेनला चारही अंगांना लोखंडी पाय असतात. वजन उचलायच्या आधी ते बाहेर ओढून जमिनीवर रोवायचे, म्हणजे ती कलंडत नाही. रंजूने ते चारही पाय पूर्ण बाहेर काढले होते. बैलाला चार पाय हवेत, आणि इथे पाय आयते मिळाले! त्यामुळे चाकं उचलली गेली होती आणि रंजू दोरीने क्रेन फरफटत नेत होती. पाय फरशीवर खरखरत होते. तो आवाज माझ्या दातांतून गेला. पोरं एका शिंगाचा बैल म्हणून खिदळत होती. रंजूचे ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरून आलेले. ती ओढायची थांबत नव्हती.

मी काही बोलणार, तेवढ्यात शेजारचे म्हातारे वकीलसाहेब, बोजाऱ्याची परडी घेऊन ओट्यावर बसलेले, वाकून म्हणाले, “कोनाचा बैल आहे वो हा?”

ते प्रत्येकच पोराला असं विचारतात. उत्तर आलं की हातावर खाऊ ठेवतात. रंजूने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ताईचा म्हणेल. ती म्हणाली, “माह्या बाबाचा.”

“अन् कोठी आहे तुहा बाबा?”

तिने बोट केलं. माझ्या मागे काका उभे होते, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा.

मी बाजूला झाले. दुसरं काय करणार? काका गेले, तिच्या शेजारी उकिडवे बसले. तिच्याकडे न बघता, क्रेनशी बोलावं तसं बोलले. “चालाचं असन तं पाय आत घ्या लागते. पाय बाहेर असले का वजन उचलते, पन जागची हालत नाही.”

“कुठीच जात नाही?” रंजूने विचारलं.

“कुठीच नाही.”

मग दोन पाय त्यांनी आत सरकवले, दोन तिने. चाकं जमिनीला टेकली, आणि बेगड लावलेली ती एकशिंगी मिरवत तोरणाखालून गेली. काका दोरीचं एक टोक धरून वाकून चालत होते. पोरं आता हसत नव्हती. कुणाला ओढायला मिळेल म्हणून मागे लागली होती.

त्या संध्याकाळी घरात सण होता. रंजू बाबा, बाबा करत काकांच्या मागे मागे फिरत होती, काकू डोळ्यांना पदर लावून लावून पुरणपोळ्या लाटत होती, बाबूजी सुतारकामाचं पुण्य स्वतःकडे घेत होते. ते वेळेवर विसरले नसते तर हे घडलं असतं का, असं त्यांचं म्हणणं. आणि मी एकटी मोरीजवळ बसून क्रेनची बेगड सोलत होते. चारही पायांचा रंग खरवडून आतला पांढरा धातू दिसत होता. हुकाचा दोरा तुटला होता. रंजूचं बाबा म्हणणं आणि हा रंग, यांत काय मोठं, हे मला कळत नव्हतं असं समजू नका. पण दोन्ही मला एकाच वेळी दिसत होतं, आणि इतरांना एकच दिसत होतं, याचा राग येत होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी दोरा बदलला. मूळचा करडा मिळेना, म्हणून दुकानातला कोशाचा दुपदरी धागा घेतला. टोक रंजूच्या हाती दिलं आणि ती ते ताणून धरून इतकी निश्चल उभी राहिली की काकांनी तेवढ्यासाठीच काम लांबवलं असावं. मी लांबून बघत होते. माहितीपत्रक कुणी वाचायला मागितलं नाही.

आणि मग दिवस संपले. जाण्याच्या सकाळी सारं घर बसस्टँडवर गेलं, रंजू गेली नाही. रडली नाही, रुसली नाही, बैठकीत कपाटाला पाठ लावून बसून राहिली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती अगदी निर्धास्त होती. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. आदल्या रात्री गळ्यात पडून झोपलेली मुलगी इतकी निर्धास्त कशी? नागपूरची एस.टी. सुटली. काका खिडकीतून बराच वेळ मागे बघत राहिले, अजून कुणी धावत येईल तर, असे.

घरी आले ती सरळ कपाटाकडे. अशा वेळी मला काहीतरी पुसायला लागतं. पाहते तर दार अर्धवट उघडं, आणि आत प्रत्येक क्रेनचे चारही पाय बाहेर. लहान, मोठी, जुनी, नवी. एकूण एक क्रेन चहूबाजूंनी पाय रोवून उभी. फळीवर मुंगीला जायला जागा नव्हती. एक क्रेन साखळीपट्ट्यांवर चालणारी आहे, तिला पाय नसतात. तिच्या गळ्यात कोशाचा धागा घालून तो कपाटाच्या खिळ्याला बांधला होता, गोठ्यात बैलाला दावं बांधतात तसा, दोन गाठी मारून.

कुणी हात लावला म्हणून मी ओरडले. ओरडताना माझा आवाज किती मोठा होऊ शकतो हे मलाच नवीन होतं. रंजू कपाटाजवळून हलली नव्हती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या दाराकडे; बूट, बॅग, माणूस, काहीच परत आलं नव्हतं.

“सगळ्याइचे पाय बाहेर काढले न मी,” ती म्हणाली. “मंग बाबा कसे गेले?”

पुन्हा ‘मंग’.

मी खाली बसले. ती येऊन माझ्या मांडीवर पडली आणि तेव्हा कुठे रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि डोळ्यांसमोर त्या सगळ्या रिकाम्या खुर्च्या होत्या, ओळीने.

तेव्हापासून दार लागत नाही. पाय फळीच्या बाहेर येतात आणि काच त्यांना अडकते. ते आत सरकवणं म्हणजे एका बोटाचं काम; आई मला रोज तेच सांगते. पण रंजू शाळेतून आली की दप्तरही न टाकता आधी कपाटाकडे जाते आणि एकेक पाय नजरेने तपासते. मागे काहीच उपयोग झाला नाही हे तिला माहीत आहे. तरी तपासते. येत्या पोळ्याच्या सुमाराला काका यायचे आहेत. आले की पाय आत कुणी घ्यायचे, हे त्या दोघांनी ठरवावं. मला त्यात घेऊ नये. मला धूळ पुरेशी आहे.

आत्ताही वारा सुटला आहे आणि ती किणकिण सुरू झाली आहे. उठावं लागेल. एवढ्याशा फटीतून एवढी धूळ येते कुठून, कळत नाही! ब्रश फिरवताना ते पाय चुकून आत सरकतात, म्हणून एका हाताने घासायचं आणि दुसऱ्या हाताने ते बाहेर धरून ठेवायचे. वेळ दुप्पट लागतो.